सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर रस्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाईचा. हा रस्ता एसटीच्या खिडकीतून, दुचाकीवरून आणि पुढे स्वतःच्या गाडीतून इतक्या वेळा झाला आहे की पाहुणे, मित्र आणि मित्रांचे मित्र निघायच्या आदल्या रात्री मलाच फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

पुणे–सातारा हमरस्त्यावर सुरूर फाटा लागतो, तिथून उजवीकडे वळायचं. पुढे वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून रायगड जिल्ह्यात पोलादपूर. तिथे मुंबई–गोवा हमरस्ता मिळतो आणि हा राज्य मार्ग संपतो. सगळा मिळून साधारण ८० किलोमीटर. सुरूर ते वाई दहाएक, वाई ते पाचगणी बाराच्या आत, पाचगणी ते महाबळेश्वर वीसच्या आसपास, आणि महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसला थोडे कमी.

अधिकृत नंबर विचाराल तर वाटेत कुणी सांगणार नाही. वाईची माणसं पाचगणीपर्यंतच्या तुकड्याला 'घाट' म्हणतात. महाबळेश्वरची माणसं पलीकडच्या तुकड्याला 'पोलादपूर रोड' म्हणतात. पोलादपूरकर त्यालाच 'महाबळेश्वर रोड' म्हणतात. पूर्ण रस्त्याला एक नाव असं कुणाच्याच तोंडी नाही, कारण पूर्ण रस्ता एका दमात करणारे थोडे. बहुतेक गाड्या महाबळेश्वरच्या बाजारपेठेत थांबतात आणि आल्या वाटेने परत जातात. माझं म्हणणं असं, की त्या अर्धाच रस्ता बघून जातात. त्यातही जुना अर्धा राहून जातो.

किती वेळ धरायचा?

सुरूर ते महाबळेश्वर दीड तास. मे महिन्यातला शनिवार असेल तर हे वाक्य विसरा. पाचगणीजवळच्या दांडेघरच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडण्यासाठी लागलेली रांग पार घाटात उतरलेली मी पाहिली आहे. महाबळेश्वर ते पोलादपूर अंतर जवळजवळ तेवढंच, वेळही सव्वा ते दीड तास धरा, आणि धुकं असेल तर घड्याळ बघूच नका.

हा रस्ता किती जुना आहे?

डांबर, खडी आणि कठडे दीडशे वर्षांतले. वाट मात्र फार जुनी आहे. देशावरच्या वाईतून डोंगर चढायचा, माथ्यावरून जावळीच्या खोऱ्यात उतरायचं, पार गावी मुक्काम करायचा आणि पुन्हा घाट उतरून महाडच्या बंदराशी पोहोचायचं, ही घाटमाथा आणि समुद्र जोडणारी व्यापाराची वाट होती. खालून मीठ, सुकी मासळी, तांदूळ वर यायचा. वरून गूळ, मिरची, धान्य खाली जायचं. हे सगळं बैलांच्या पाठीवर, कारण गाडीवाट नव्हतीच.

पार हे नाव आता पाटीवर दिसतं आणि मागे पडतं. प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा कुंभरोशीहून आत वळलं की हे गाव लागतं. रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल अजून तिथे उभे आहेत. मुख्य रस्ता बाजूने गेला आणि जी पेठ होती ती गाव झाली.

१६५९ साली अफझलखानाचा तळ वाईला होता. आदिलशाहीकडून तो पूर्वी वाईचा सुभेदार राहिलेला, त्यामुळे मुलूख त्याच्या ओळखीचा. वाईहून निघून तो डोंगर चढला, माथा ओलांडून रडतोंडीच्या घाटाने उतरला आणि पारला छावणी टाकली. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली भेट झाली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शाळेत आपण भेटीचा शामियाना, वाघनखं, बिचवा शिकतो. त्या उतारावरून हत्ती, उंट, तोफा, बाजारबुणगे घेऊन फौज कशी उतरली असेल, हे कुणी शिकवत नाही. आज आंबेनळीतून जाताना डाव्या हाताला खाली जावळीची झाडी बघा, म्हणजे महाराजांनी भेटीसाठी हीच जागा का निवडली ते निम्मं तरी कळतं. एवढ्या मोठ्या फौजेला तिथे पसरायला जागाच नाही.

पण घाट तर इंग्रजांनी बांधला ना?

आजच्या स्वरूपातला, हो. त्याआधीची त्यांची वाट मात्र आपलीच जुनी वाट होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला. कंपनीने वाईजवळचं खंडाळा गाव दिलं आणि बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली. माल्कम पेठ हे नाव तेव्हाचं. मुंबईचे साहेब लोक तिथे यायचे ते समुद्रातून बाणकोट, मग सावित्रीच्या खाडीने दासगाव–महाड, आणि तिथून पालखी–डोलीत बसून पारमार्गे वर. म्हणजे महाबळेश्वरचा दर्शनी दरवाजा कोकणाकडे होता.

वर चढताना शेवटचा टप्पा रडतोंडीचा. चढताना माणसाचं तोंड रडवेलं होतं म्हणून रडतोंडी, इतका साधा हिशोब. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'रोटंडा' झाला आणि त्यांच्या कागदांत तसाच उतरला. मला हे फार आवडतं. रोटंडा म्हटलं की घुमटाची गोल इमारत डोळ्यांपुढे येते. इथे मात्र घामेजलेला भोई.

गाड्या जातील असा नवा घाट १८७६ साली खुला झाला. त्याला मुंबईचा माजी गव्हर्नर सर सीमोर फिट्झगेराल्ड याचं नाव दिलं गेलं. जुन्या नकाशांत 'फिट्झगेराल्ड घाट' दिसला तर तो आपला आंबेनळीच. हा घाट झाला तसा पार घाट ओस पडला.

महाबळेश्वरातल्या जुन्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट गाइड सहसा सांगत नाहीत. तिथे मलाया–सिंगापूरकडून आणलेल्या चिनी कैद्यांचा तुरुंग होता आणि डोंगरावरचे रस्ते करायला त्यांचे हात लागले आहेत. १८६४ साली तो तुरुंग उठला. बटाटा आणि इंग्लिश भाज्यांची बागायत इथे रुजवण्यात आणि वेताच्या टोपल्या विणण्यात या कैद्यांचा वाटा मोठा मानला जातो.

मग कोकणाकडची बाजू मागे का पडली?

आगगाडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून दक्षिणेकडे लोहमार्ग गेला आणि वाठार हे महाबळेश्वरचं स्टेशन ठरलं. बोटीने दासगावला उतरून डोलीत हिंदकळण्यापेक्षा वाठारला उतरून टांग्याने वाई–पाचगणीमार्गे येणं सोयीचं झालं. दर्शनी दरवाजा फिरून देशाकडे आला, आणि कोकणाकडचा झाला परसदार. पुढे मोटारी आल्या, पुण्याचा रस्ता रुंद झाला, सुरूर फाट्यावर हॉटेलं उभी राहिली, आणि ती सवय पक्की झाली. आंबेनळीवर अजूनही परसदाराची शांतता आहे. मुंबईची काही मंडळी पोलादपूरमार्गे वर येतात, पण परतताना बऱ्याचदा 'नको तो घाट' म्हणून पुण्याकडून जातात.

सुरूर ते वाई या तुकड्यात बघण्यासारखं काय?

पूर्वी उत्तर एका शब्दात द्यायचो : वड. दोन्ही बाजूंनी जुने वड, पारंब्या छाटून कमान केलेली, आणि एप्रिलच्या उन्हातही खाली गार. आमच्या लहानपणी वाई जवळ आली हे पाट्यांवरून कळायचं नाही, सावलीवरून कळायचं. रुंदीकरणात यातले बरेच वड गेले. इथल्या लोकांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला. उरलेल्यांपाशी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा, एवढंच सांगतो.

वाईत कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती. देऊळ सरदार गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. मागची भिंत नदीच्या प्रवाहाला छेद देणाऱ्या टोकासारखी केली आहे, त्यामुळे पुराचं पाणी दोन बाजूंना फाकतं. मूर्तीपुढे सगळेच हात जोडतात. प्रदक्षिणा घालून ती मागची भिंत बघणारे कमी. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचं काम याच गावात वाढलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच शिकले आणि राहिले. नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल अलीकडे पाडून नवा बांधला आहे, त्यामुळे जुन्या फोटोंशी ताडून बघू नका, गोंधळाल.

पसरणी घाट नवशिक्या चालकाला जमेल का?

जमेल. वळणं आहेत, पण रस्ता रुंद, कठडे बरे, आणि वर्दळ इतकी की एकटं वाटत नाही. दहाएक किलोमीटरमध्ये जवळजवळ सहाशे मीटर चढ आहे, तेव्हा एसी बंद ठेवा आणि गिअर दाबून चालवू नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्यांचे ब्रेक पायथ्याशी येईपर्यंत जळका वास मारतात. तो वास वाईच्या नाक्यावरच्या मेकॅनिकला दुरून ओळखता येतो.

घाटात बुवासाहेबांचं मंदिर आहे. जुने चालक तिथे हॉर्न वाजवून किंवा कपाळाला हात लावून पुढे जातात. उजव्या हाताला खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं की पाचगणी आली समजा. पायथ्याचं पसरणी गाव शाहीर साबळ्यांचं.

या घाटात नेहरूंना काळे झेंडे दाखवले होते, ते खरं का?

खरं. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झालं. द्वैभाषिक राज्य लादलं म्हणून महाराष्ट्र पेटलेला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनांची हाक दिली. वाईत आणि पसरणी घाटात रस्त्याच्या कडेने माणसं उभी राहिली, हातात काळे झेंडे, तोंडी घोषणा. पंतप्रधानांच्या गाड्या त्या माणसांच्या रांगांमधूनच गेल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'मोर्चाचं साल' म्हणजे हे. तारीख विचारली तर आठवायची नाही, पण घाटातल्या कुठल्या वळणावर आपण उभे होतो ते बरोबर दाखवायचे, आणि घरून भाकऱ्या कुणी बांधून दिल्या तेही सांगायचे.

पाचगणी ते महाबळेश्वर?

याबद्दल सगळीकडे लिहिलेलं मिळेल, मी थोडक्यात आटोपतो. पाचगणी म्हणजे दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांमधली जागा. पुढे डावीकडे भिलारचा फाटा, ते पुस्तकांचं गाव, २०१७ पासून. थंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्यावर घेताना पेटीतला वरचा थर बघू नका, खालचा बघा.

मेटगुताड आणि पलीकडचं मेटतळे या नावांतलं 'मेट' म्हणजे पहाऱ्याची चौकी. ही वाट कोण राखत होतं, ते गावांच्या नावांतच आहे. वेण्णा तलाव नैसर्गिक नाही, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवून घेतला.

वाईत ऊन आणि वर मुसळधार, असं कसं?

जुलैत हा प्रश्न रोज येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणातून सरकत येऊन सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि महाबळेश्वरवर रिते होतात. तिथे वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिंत ओलांडून खाली येईपर्यंत ढगांत फारसं उरत नाही. सरळ रेषेत जेमतेम वीस–पंचवीस किलोमीटरवरच्या वाईला हजार मिलिमीटरही होत नाही. एसटीत याची मजा असते. वाईला खिडक्या उघड्या, पाचगणीला अर्ध्या ओढलेल्या, आणि मेटगुताडला कंडक्टर ओरडतो, 'काचा लावा, माणसं भिजतायत!' काच मात्र नेमकी आपल्याच सीटची अडकलेली.

नद्यांचंही तसंच. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा तुम्हाला वाईत भेटलेली असते, आणि ती पार बंगालच्या उपसागराला जाते. वेण्णेचा तलाव रस्त्यालाच लागतो. पारकडे कोयनेचं खोरं. आणि घाट उतरून पोलादपूरला जी भेटते ती सावित्री, ती बाणकोटला अरबी समुद्रात शिरते.

आंबेनळी घाट धोकादायक आहे का?

आहे, आणि घाबरवण्यासाठी म्हणून सांगत नाही. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत सुमारे १३०० मीटर उतार आहे. रस्ता अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं एवढी की समोरची एसटी दिसते तेव्हा ती जवळजवळ बॉनेटवर असते. घाटाचा नियम पाळा : चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. शहरात हॉर्न वाजवणं असभ्य असेल, इथे न वाजवणं असभ्य आहे.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला येताना दाभीळ टोकाजवळ दरीत गेली. ३० जण गेले, एक वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं दोर बांधून पावसात दरीत उतरली होती. त्या वळणावरून जाताना अजूनही एसटीतलं बोलणं क्षणभर थांबतं.

२२–२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाट जागोजाग खचला, दरडी आल्या, रस्त्याचे तुकडे दरीत गेले आणि वाहतूक बरेच दिवस बंद राहिली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळून माणसं गेली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी स्वतः निघण्याआधी पोलादपूर किंवा महाबळेश्वरच्या ओळखीच्या माणसाला फोन करतो. नकाशाच्या ॲपमध्ये रस्ता निळा दिसला म्हणून तो चालू असतो असं नाही.

घाट बंद असेल तर पर्याय?

पहिला डोक्यात येतो वरंध, म्हणजे भोर–महाड. पण ज्या पावसात आंबेनळी बंद होतो त्यात वरंध चालू असण्याची आशा थोडी. पुण्याकडून कोकणात उतरायचं तर ताम्हिणीने माणगावला जा. सातारा–वाईकडून निघालात तर उंब्रज, पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. लांब पडतं, पण घरी पोहोचता. नुसतं महाबळेश्वरहून खाली यायचं असेल आणि पसरणी अडला असेल, तर केळघर–मेढामार्गे सातारा.

रात्री गेलं तर चालेल?

पसरणीतून चालेल. आंबेनळीतून नको. धुकं, गवे आणि झोप, तिन्ही एकदम आडवी येतात. गवा हेडलाइटला घाबरत नाही, रस्त्याच्या मधोमध उभा राहून तुमच्याकडे बघत बसतो. हॉर्न न देता दिवे मंद करून थांबा, त्याला कंटाळा आला की जातो. घाटात पेट्रोल पंप नाही आणि फोनची रेंज जागोजाग जाते, म्हणून महाबळेश्वरातच टाकी बघून घ्या आणि घरी काय कळवायचं ते कळवून टाका.

प्रतापगडासाठी वाट वाकडी करावी लागते का?

फारशी नाही. वाडा कुंभरोशीच्या पुढे फाटा आहे, तिथून गड तीन–चार किलोमीटर. महाबळेश्वर–पोलादपूर जाणाऱ्याने तो टाळण्यात काही अर्थ नाही. मोरोपंत पिंगळ्यांनी १६५६ च्या सुमारास बांधायला घेतलेला हा गड मुळात या वाटेवर नजर ठेवण्यासाठीच आहे. बुरुजावर उभं राहून पश्चिमेला बघा, तुम्ही आता उतरणार आहात तो रस्ता दोऱ्यासारखा पडलेला दिसतो. पोलादपूरला पोहोचल्यावर वेळ असेल तर 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आणि तालुक्यातच तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ.

मला गाडी लागते. काय करू?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून शेवटी ठेवला, म्हणजे तोवरचं वाचलंत तरी. महाबळेश्वरात भरपेट जेवून लगेच आंबेनळी उतरायला निघू नका, अर्ध्या गाड्यांचं इथेच चुकतं. पुढच्या सीटवर बसा, मोबाइल खाली ठेवा, लांबच्या डोंगराकडे बघा. आवळा सुपारी किंवा लिंबू जवळ असू द्या. एसटीने जात असाल तर कंडक्टरला आधीच सांगा. एकदा पारच्या फाट्याआधी शेजारच्या आजी पांढऱ्या पडल्या तेव्हा कंडक्टरने काही न विचारता खिशातून घडी घातलेली पिशवी काढली, लिंबाची फोड दिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, 'मास्तर, रानबाजिऱ्याला दोन मिनिटं थांबा.' रानबाजिरे धरणापाशी गाडी थांबली. आजींनी चूळ भरली, अंगातला स्वेटर काढून पिशवीत कोंबला, कारण खाली आल्यावर उकडायला लागलं होतं, आणि विचारलं, 'पोलादपूर अजून किती रं लांब?'